बूट दारात आला, मैदान कधी येणार?

गेल्या पावसाळ्यात एका कार्यक्रमाच्या निमित्ताने आम्ही मुरबाड तालुक्यात गेलो होतो. रविवार होता. परतीच्या वाटेवर वैशाखऱ्याला चहासाठी थांबलो. नाणेघाटाची वाट तिथून जवळच सुरू होते, त्यामुळे पावसाळ्यातल्या रविवारी रस्त्याच्या कडेला मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रांग लागलेली असते. शहरातली मंडळी पाठीवर पिशव्या आणि पायात महागडे बूट घालून घाट चढायला निघालेली. त्यांना वाट दाखवण्यासाठी गावातली, वाड्या-पाड्यांवरची पोरे त्यांच्या मागेपुढे करीत होती. बहुतेकांच्या पायात प्लास्टिकच्या चपला होत्या.

त्यांतला एक पोरगा चौदा-पंधरा वर्षांचा असेल. त्याच्या पायात मात्र काळे-लाल, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट होते. बुटावर हवेत झेप घेतलेल्या माणसाचे चित्र होते आणि त्याखालच्या इंग्रजी नावाचे स्पेलिंग चुकलेले होते. आम्ही सहज विचारले, "बाळा, बूट कुठून घेतलेस?"

"म्हशाच्या जत्रंतून. बापानं घेऊन दिले. साडेतीनशेला."

"आणि हा माणूस कोण आहे?"

त्याने पायाकडे पाहिले, जरा विचार केला. "माहीत नाय काका. उडी मारणारा माणूस आहे."

"खेळ कोणता खेळतोय तो?"

"कबड्डीचा आसंल."

आम्ही हसलो नाही. त्याचा उजवा बूट तळव्यापासून सुटलेला होता आणि कोणा चर्मकार बांधवाने तो जाड दोऱ्याने शिवून दिला होता. त्या बुटात टिकाऊ काही असेल तर तो टाकाच होता. पोराने बास्केटबॉल कधी पाहिला नव्हता. त्याच्या शाळेत बास्केटबॉलची रिंग नाही, शेजारच्या गावच्या शाळेतही नाही. म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरून त्या खेळाचा बूट, नकली का होईना, माळशेजच्या पायथ्यापर्यंत आला, पण तो खेळ काही आला नाही. असे का झाले, याचा विचार आम्ही त्या दिवसापासून करीत आहोत.

बास्केटबॉल हा काही पुरातन खेळ नाही. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने थंडीच्या दिवसांत मुलांना बंद सभागृहात खेळता यावे म्हणून तो शोधून काढला. खेळ वाढू लागला तसा बुटाचा धंदाही वाढला. कॉन्व्हर्स या अमेरिकन कंपनीने १९१७ साली कापडी वरचा भाग आणि रबरी तळवा असलेला 'ऑल स्टार' नावाचा बूट बाजारात आणला. काही वर्षांनी चक टेलर नावाचा एक खेळाडू या कंपनीत विक्रेता म्हणून लागला. हा माणूस गावोगाव फिरायचा, शाळेच्या मैदानावर मुलांना जमवायचा, चेंडू कसा टाकायचा, पास कसा द्यायचा हे शिकवायचा आणि मग बूट विकायचा. पुढे १९३० च्या दशकात त्याचेच नाव त्या बुटावर आले. तो व्यापारीच होता, संत नव्हता. पण त्याच्या व्यापाराला एक अट होती. आधी गावात खेळ न्यायचा, मग बूट खपायचा. कारण खेळच नसेल तर बूट घेणार कोण?

ही अट १९८४-८५ साली संपली. नायकी ही कंपनी तोपर्यंत धावण्याच्या बुटांसाठी ओळखली जात होती. बास्केटबॉलच्या बाजारात कॉन्व्हर्सचे राज्य होते. १९८४ मध्ये नायकीने मायकेल जॉर्डन या एकवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय खेळाडूशी करार केला. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, त्याचे पहिले वर्षही अजून पार पडायचे होते. १९८५ मध्ये 'एअर जॉर्डन' हा बूट दुकानांत आला. किंमत ६५ डॉलर. पहिल्या तीन-चार वर्षांत मिळून तीस लाख डॉलरची विक्री व्हावी अशी कंपनीची अपेक्षा होती. प्रत्यक्षात पहिल्याच वर्षी दहा कोटी डॉलरच्या वर विक्री झाली.

ही किमया कशी झाली? एनबीएने जॉर्डनच्या काळ्या-लाल बुटाला आक्षेप घेतला होता, कारण तो संघाच्या ठरलेल्या रंगसंगतीत बसत नव्हता. कंपनीने त्याचीच जाहिरात केली. लीगने हे बूट मैदानाबाहेर काढले, पण तुम्हाला ते घालण्यापासून कोणी अडवू शकत नाही, असा त्या जाहिरातीचा आशय होता. आक्षेप ज्या बुटाला घेतला गेला तो बहुधा 'एअर शिप' नावाचा आधीचाच बूट होता, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. म्हणजे बंदी एका बुटावर आणि बंडखोरीच्या नावाने विकला गेला दुसराच बूट! पण तोवर माल खपला होता. १९८८ पासून त्या बुटांवर उडत्या माणसाचे चित्र आले. तेच चित्र म्हशाच्या जत्रेतून वैशाखऱ्याच्या पोराच्या पायात पोहोचले आहे.

इथे एक गोष्ट आमच्या वाचकांनी नीट समजून घेतली पाहिजे. चक टेलरच्या काळात बूट विकायचा तर खेळ शिकवावा लागत होता. जॉर्डननंतर खेळ शिकवण्याची गरजच उरली नाही. बूट हा आता खेळाचे साधन राहिला नाही, ती एक ओळख झाली. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला 'मीही कोणीतरी आहे' असे वाटावे, याची ती किंमत झाली. आणि 'मीही कोणीतरी आहे' असे वाटण्याची भूक सर्वांत जास्त कोणाला असते? ज्यांना व्यवस्थेने 'तू कोणीच नाहीस' असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले, त्यांनाच.

अमेरिकेत तेच घडले. या बुटांचे सर्वांत मोठे वेड कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्त्यांत पसरले. १९८९ साली मेरीलँड राज्यात पंधरा वर्षांच्या एका मुलाचा त्याच्या जॉर्डन बुटांसाठी खून झाला. तशा बातम्या ठिकठिकाणांहून येऊ लागल्या, तेव्हा १९९० साली 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड' या क्रीडा साप्ताहिकाने मुखपृष्ठावर हाच विषय घेतला. ज्या समाजाच्या 'ब्लॅक पँथर'कडे पाहून १९७२ साली आमच्या तरुणांनी 'दलित पँथर' उभी केली, त्याच समाजाची मुले वीस वर्षांच्या आत बुटासाठी एकमेकांचा जीव घेत होती. भांडवलशाहीला शोषितांचा राग पेटवता येतो तसा विकताही येतो, याचे याहून मोठे उदाहरण आम्हाला माहीत नाही.

पण त्याच समाजातून या लुटीला उत्तर देण्याचे प्रयत्नही झाले. आमच्या वर्तमानपत्रांतून त्याची फारशी चर्चा झालेली नाही, म्हणून ते मुद्दाम सांगतो.

पहिला प्रयत्न १९९० च्या दशकाच्या मध्यात झाला. हकीम ओलाजुवान हा मूळचा नायजेरियाचा खेळाडू ह्यूस्टन संघाकडून खेळत होता. १९९४ आणि १९९५ अशी सलग दोन वर्षे त्या संघाने अजिंक्यपद मिळवले. त्याच्या नावाचा बूट काढायला मोठमोठ्या कंपन्या तयार झाल्या असत्या. पण तीन मुलांची कष्टकरी आई शंभर-सव्वाशे डॉलरचे बूट आणणार कुठून, असा त्याचा प्रश्न होता. त्याने स्पाल्डिंग कंपनीशी हात मिळवला. ही १८७६ साली सुरू झालेली, चेंडू आणि खेळाचे साहित्य बनवणारी जुनी कंपनी. बास्केटबॉलसाठीचा खास चेंडू पहिल्यांदा बनवला तो तिनेच. तिने ओलाजुवानच्या नावाचा बूट साधारण ३५ डॉलरला, सामान्य माणूस जिथे खरेदी करतो अशा दुकानांत आणला.

दुसरा प्रयत्न २००६ चा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील गरीब वस्तीत वाढलेला स्टेफॉन मारबरी हा खेळाडू तेव्हा न्यूयॉर्क संघात होता. त्याने 'स्टीव्ह अँड बॅरीज' या स्वस्त कपड्यांच्या दुकान-साखळीमार्फत 'स्टारबरी' नावाचा बास्केटबॉल बूट आणला. किंमत फक्त १४ डॉलर ९८ सेंट. गरिबांना एक विकायचे आणि आपण दुसरे घालायचे, असे त्याने केले नाही. तोच पंधरा डॉलरचा बूट घालून तो एनबीएच्या सामन्यांत खेळला. आमच्या मते हे साध्या उक्तीचे नव्हे, कृतीचे काम होते. बूट घेण्यासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या.

पुढे काय झाले? जुलै २००८ मध्ये ती दुकान-साखळी दिवाळखोरीत गेली आणि तिची दुकाने बंद पडली. स्टारबरीचे अमेरिकेतले दुकानच गेले. मारबरी २०१० मध्ये चीनमध्ये खेळायला गेला, बीजिंग संघाला त्याने तीन वेळा विजेतेपद मिळवून दिले. ओलाजुवानचा स्पाल्डिंग बूटही इतिहासजमा झाला. जॉर्डनच्या नावाचा धंदा मात्र आज वर्षाला अब्जावधी डॉलरचा आहे.

यातून आम्ही दोन धडे घेतो. पहिला असा की बुटाची किंमत रबर, फोम आणि शिलाईवर ठरत नाही, ती नावावर ठरते. खेळता येण्याजोगा बूट पंधरा डॉलरला विकता येतो हे मारबरीने दाखवून दिले. दुसरा धडा असा की केवळ सद्हेतूने आणलेला माल टिकत नाही. दुकान दुसऱ्याच्या हातात असेल तर ते बंद पडले की तुमचा मालही रस्त्यावर येतो. शिवाय 'स्वस्त' म्हणजे 'गरिबाचा' आणि 'गरिबाचा' म्हणजे 'लाजेचा', हे समीकरण जाहिरातींनी लहान मुलांच्या डोक्यात इतके घट्ट बसवले आहे की पंधरा डॉलरचा बूट घालून शाळेत जायला गरिबाच्याच मुलाला संकोच वाटतो. आमच्याकडेही हेच आहे. वर्गातल्या मुलाच्या बुटावर खूण कोणती आहे यावरून त्याची पायरी ठरते. पूर्वी आडनावावरून ठरायची. आता दोन्हींवरून ठरते.

म्हणून कोणी म्हणेल, "साडेतीनशे रुपयांत पोराला दोन वह्या-पुस्तके आली असती, नकली बूट कशाला?" असा उपदेश करणारे आमच्या समाजातही आहेत. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. पायातले वाहण ही आमच्यासाठी कधीच निव्वळ चैनीची वस्तू नव्हती. सवर्णांच्या आळीतून जाताना पायातले काढून हातात घ्यायचे, ही सक्ती आमच्या वाडवडिलांनी सोसली आहे. हा फार जुना इतिहास आहे असे कोणाला वाटत असेल तर त्यांनी जून २०१८ मधली गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील बातमी आठवावी. तेरा वर्षांच्या एका दलित मुलाला केवळ पायात मोजडी घातली म्हणून मारहाण झाली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला आमच्या आया-बहिणींना नीटनेटके लुगडे नेसा, अस्पृश्यतेची ओळख सांगणारे दागिने टाकून द्या असे सांगितले, ते नटण्यासाठी नव्हे. अंगावरच्या वस्त्रातून आणि पायातल्या वाहणातून माणूस ताठ उभा राहतो, हे त्यांनी ओळखले होते. तेव्हा बापाने जत्रेत घेतलेला तो लाल बूट म्हणजे लेकराला ताठ चालता यावे म्हणून केलेला खर्च आहे. त्याला उधळपट्टी म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

आमचे भांडण त्या बापाशी नाही. आमचे भांडण त्या भुकेचा व्यापार करणाऱ्यांशी आहे, आणि ती भूक खऱ्या अर्थाने भागवण्याची जबाबदारी टाळणाऱ्या शासनाशी आहे.

खेळाच्या या धंद्यात आमची माणसे कुठे आहेत, हेही पाहिले पाहिजे. भारतात खेळाचे साहित्य म्हटले की जालंधर आठवते. फाळणीपूर्वी हा उद्योग सियालकोटला होता. १९४७ नंतर तिथले व्यापारी आणि कारागीर जालंधरला आले. चेंडू शिवणारे, चामडे कापणारे हात बहुतेक अनुसूचित जातींचे होते. त्यांत सियालकोटहून आलेला मेघ समाज मोठ्या संख्येने होता. याच शहरातल्या बूटा मंडी भागात चामड्याच्या व्यापारातून रविदासिया समाज आर्थिकदृष्ट्या उभा राहिला आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये बाबासाहेबांची मोठी सभा त्याच जालंधरमध्ये झाली. मात्र चेंडू घरी नेऊन नगावर शिवणाऱ्या कुटुंबांची मिळकत इतकी तुटपुंजी होती की लहान मुलांनाही सुई हातात घ्यावी लागत होती. १९९० च्या दशकात सियालकोट आणि जालंधरच्या बालमजुरीवर जगभर ओरड झाली, तेव्हा कुठे उद्योजकांना १९९८ मध्ये देखरेखीसाठी संस्था स्थापन करावी लागली. त्याच वर्षी नायकीचे प्रमुख फिल नाईट यांनाही वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांपुढे उभे राहून आपल्या मालाचे नाव गुलामीच्या मजुरीशी जोडले गेल्याची कबुली द्यावी लागली.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले अव्वल गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पुण्याच्या मैदानावर त्यांच्या हातचा चामड्याचा चेंडू सर्वांना चालत होता, पण चहाच्या वेळी त्यांना वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर चहा दिला जाई. एवढा मोठा गोलंदाज असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, हा इतिहास वाचकांना माहीत आहे. पण त्यांच्यावर झालेला अन्याय त्यामुळे लहान होत नाही.

आणि अगदी ताजे उदाहरण कोल्हापुरी चपलेचे आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने आपल्या कपड्यांच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या. सुरुवातीला कोल्हापूरचे नावही घेतले नाही. कोल्हापुरीला २०१८ मध्येच महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेले होते आणि ते मिळवण्यात संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाचा पुढाकार होता. ओरड झाली तेव्हा कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी करार जाहीर झाला. दोन हजार जोड येथील कारागिरांकडून बनवून घ्यायचे आणि सुमारे ८०० युरोला विकायचे. बोलल्याशिवाय, कायद्याचा कागद हातात असल्याशिवाय आमच्या हातांचे नाव कोणी घेत नाही, हाच याचा अर्थ. जॉर्डननेही फुकट नाव दिले नव्हते. त्याच्या करारात विक्रीवर हिस्सा लिहिलेला होता. नाव असेल तर हिस्सा आणि हिस्सा असेल तर तो कागदावर, हे आमच्या कारागिरांनी आणि त्यांच्या सहकारी संस्थांनी कायमचे लक्षात ठेवले पाहिजे.

आता पुन्हा आपल्या मुलुखात येऊ. भारतात बास्केटबॉलचा बाजार उभा करण्याचे प्रयत्न जोरात आहेत. एनबीएने २०११ मध्ये मुंबईत कार्यालय उघडले. २०१३ पासून रिलायन्स फाउंडेशनबरोबर शालेय मुलांसाठी कार्यक्रम सुरू केला. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या बंदिस्त सभागृहात सॅक्रामेंटो आणि इंडियाना या संघांचे दोन सामने झाले. भारतातले ते पहिलेच एनबीए सामने. त्यांतल्या पहिल्या सामन्याला मुंबईच्या शाळांतील काही हजार मुलांना बसवले होते. चांगली गोष्ट आहे. मुंबईत नागपाड्यासारख्या कष्टकऱ्यांच्या वस्तीतून भारताचा कर्णधार अब्बास मुंतसिर घडला, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, तो त्या वस्तीत बास्केटबॉलचे मैदान होते म्हणूनच. बुटाची जाहिरात पाहून ते घडले नव्हते.

बुटांच्या बाबतीतही आज परिस्थिती थोडी बदलली आहे. जालंधरची निव्हिया ही खेळाच्या साहित्याची जुनी कंपनी बास्केटबॉलचे बूट विकते. फ्रान्सच्या डेकॅथलॉनने बास्केटबॉलसाठी 'टारमॅक' हे वेगळे नाव काढले आहे. नामांकित खेळाडूंच्या नावाच्या बुटांपेक्षा यांचे बूट बरेच स्वस्त आहेत, हे मान्य केले पाहिजे. बास्केटबॉल हा उड्यांचा आणि झटकन वळण्याचा खेळ आहे. त्यात घोटा मुरगळतो, गुडघ्यावर भार येतो. म्हणून तळव्याची पकड आणि टाचेखालची गादी चांगली हवी. अनवाणी कबड्डी खेळता येते, सिमेंटच्या मैदानावर अनवाणी बास्केटबॉल खेळू नये. तेव्हा बूट लागतोच, आणि स्वस्त व चांगला बूट मिळत असेल तर त्याचे स्वागतच आहे. पण या कंपन्या दुकान कुठे काढतात? जिथे मैदान आहे, महाविद्यालय आहे, मोठी गृहसंकुले आहेत तिथे. मुरबाडच्या पुढे त्यांचा गिऱ्हाईक नाही असे त्यांनी गृहीत धरले आहे. गिऱ्हाईक तयार व्हायचा तर आधी खेळ पाहिजे. चक टेलरला जे शंभर वर्षांपूर्वी समजले ते यांना अजून समजायचे आहे.

शासनाचे काय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेला क्रीडांगण असले पाहिजे असे लिहिले आहे. त्याच कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ शिक्षक देण्याची तरतूद आहे. पण केव्हा? मुलांची संख्या शंभराच्या वर असेल तेव्हा. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावात, पाड्यावर या तीन वर्गांत शंभर मुले येणार कुठून? म्हणजे जिथे शिक्षकाची सर्वांत जास्त गरज, तिथेच नियमाने शिक्षक नाही. कायदा करणाऱ्यांनी खेड्यातल्या मुलाचा खेळ कायद्यातच बाद करून टाकला आहे.

हा केवळ मौजेचा प्रश्न नाही. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. २००५ च्या शासन निर्णयाने ते लागू झाले. पोलीस, रेल्वे, बँका खेळाडूंना नोकऱ्या देतात. बास्केटबॉल १९३६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. पण ज्या मुलाने आयुष्यात रिंग पाहिली नाही तो राज्य स्पर्धेत खेळणार कसा आणि त्या पाच टक्क्यांत बसणार कसा? सामाजिक आरक्षणावर बोटे मोडणारे या मैदानाच्या आरक्षणाबद्दल कधीच बोलत नाहीत. ज्याच्या शाळेत मैदान आहे त्याच्यासाठीच ते पाच टक्के राखून ठेवल्यासारखे झाले आहेत.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली, शारीरिक शिक्षकासाठी शंभर मुलांची अट डोंगरी आणि आदिवासी भागात शिथिल करावी. एका शाळेला नाही तर चार-पाच शाळांना मिळून एक शिक्षक द्या, पण द्या. दुसरी, २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. ग्रामीण खेळ आणि ऑलिम्पिक खेळांचे प्रशिक्षण त्या यादीत स्पष्टपणे आहे. खेळाचे बूट विकून नफा कमावणाऱ्यांनी हा पैसा शहरातल्या सोहळ्यांत न घालवता आश्रमशाळांच्या आवारात रिंग उभी करण्यासाठी वापरावा. पूर्ण मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. तेवढी सपाट जागा जमली नाही तर अर्धे मैदान आणि एका खांबावर सव्वातीन हातांच्या नव्हे, नियमाप्रमाणे ३.०५ मीटर उंचीवर एक रिंग एवढ्यावरही शिकण्यास सुरुवात होते.

तिसरी मागणी आमच्या स्वतःच्या समाजाकडे आहे. १४ एप्रिलला गावोगाव मिरवणुका निघतात. एका रात्रीच्या डीजेला जे भाडे जाते त्यातला अर्धा पैसा वाचवला तर दोन लोखंडी खांब, दोन रिंगा आणि दोन चेंडू येतात. ठाणे, कल्याण, अंबरनाथच्या कारखान्यांत आणि कार्यालयांत आमचे शिकलेले बांधव नोकरीला आहेत. कोणी महाविद्यालयात बास्केटबॉल खेळलेला असेल, कोणी पोलीस संघातून खेळलेला असेल. महिन्यातून दोन रविवार त्यांनी आपल्या गावाकडे जावे. शहरातली मंडळी नाणेघाट बघायला रविवारी वैशाखऱ्यापर्यंत येतात, मग आमच्या माणसांना आपल्याच पोरांना शिकवायला येणे अवघड का वाटावे?

नाणेघाट हा सातवाहनांच्या काळापासूनचा व्यापारी रस्ता आहे. कल्याणच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला जात असे. घाटमाथ्यावर राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि जकात टाकण्यासाठी होता असे मानतात तो दगडी रांजण आहे. ओझे वाहणाऱ्यांचा शिलालेख मात्र तिथे नाही. दोन हजार वर्षे या वाटेने माल वर गेला, जकात वर जमा झाली आणि पायथ्याची माणसे पायथ्यालाच राहिली. आज मालाची दिशा उलटी झाली आहे. दूरदेशीचा बूट, त्याचे चित्र, त्याचे नाव खाली पायथ्यापर्यंत येते. जमा मात्र अजूनही वरच होते.

आम्ही निघताना तो पोरगा पर्यटकांच्या एका टोळीबरोबर घाटाच्या वाटेला लागला होता. चिखलात त्याचा शिवलेला बूट उठून दिसत होता. त्याला त्या बुटाची लाज नव्हती, उलट अभिमान होता, आणि तो असलाच पाहिजे. पण पुढच्या वेळी आम्ही वैशाखऱ्याला जाऊ तेव्हा "हा उडी मारणारा माणूस कोणता खेळ खेळतो?" या प्रश्नाचे उत्तर त्याने तोंडाने द्यावे असे आम्हाला वाटत नाही. चेंडू हातात घेऊन, उडी मारून त्याने ते दाखवावे. त्यासाठी त्याच्यासमोर एक रिंग हवी. ती कोण बसवणार, हे कंपन्यांनी, शासनाने आणि आपण सर्वांनी मिळून ठरवायचे आहे.